घरातले फोटो सेट-टॉप बॉक्सवर, नेट नसतानाही दिसतील असे

गणपतीत आरत्या झाल्या की ओटीवर सगळे बसतात आणि कुणीतरी म्हणतंच, "गेल्या वर्षीचे फोटो लाव की टीव्हीवर." मग एखाद्या चाकरमान्याच्या फोनवरून कास्ट करायची खटपट सुरू होते. नेमकं तेव्हाच नेट गेलेलं असतं, कारण वरच्या वाडीत फणसाची फांदी फायबरवर पडलेली असते. फोटो क्लाउडवर असतील तर कास्ट करताना टीव्ही ते तिथूनच खेचतो. फोन चार हातांवर असला तरी नेट नाही म्हणजे फोटो नाही.

घरातलं वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरची तार तुटली तरी राउटरला वीज आहे तोवर घरातलं जाळं जिवंत असतं. फोन, लॅपटॉप आणि बॉक्स एकमेकांशी बोलू शकतात. म्हणून फोटो आधीच या घरच्या जाळ्यावरून बॉक्समध्ये उतरवून ठेवायचे. एकदा उतरले की फोनवाला गाडी पकडून परत गेला तरी फोटो घरात राहतात. यासाठी लागणारी ॲप मात्र बॉक्सवर नेट असतानाच टाकून घ्या, हे काम चतुर्थीच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका.

आधी बॉक्स ओळखा

डीडी फ्री डिशच्या साध्या बॉक्सला बहुधा यूएसबीचं भोक असतं, पण नेटवर्कचं काही नसतं. त्याला जाळ्यावरून फोटो जाणार नाहीत. पेनड्राइव्ह भरा, लावा, मेन्यूतला मीडिया प्लेअर उघडा, काम झालं. तुमच्याकडे हाच बॉक्स असेल तर पुढचा फोटो लहान करण्याचा भाग तेवढा वाचा, तो तुम्हालाही लागेल.

बॉक्सच्या सेटिंगमध्ये 'अबाउट' खाली अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्ही असं लिहिलेलं असेल आणि प्ले स्टोअर दिसत असेल, तर निम्मं काम सोपं झालं. काही बॉक्स आतून अँड्रॉइडच असतात, पण त्यांत कंपनीचं स्वतःचं ॲपचं दुकान असतं. तिथे फाइल मॅनेजर मिळाला तर ठीक, नाही तर डीएलएनएची, म्हणजे लॅपटॉपवरचे फोटो जाळ्यावरून थेट दाखवण्याची, वाट धरायची, ती पुढे सांगितली आहे. मागे लॅनचं, म्हणजे नेटवर्कच्या तारेचं, भोक दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका. काही बॉक्समध्ये ते फक्त कंपनीच्या कामासाठी असतं आणि मेन्यूत त्याचा काहीच उपयोग दिसत नाही.

चिऱ्याची भिंत आणि दोन राउटर

जांभ्याच्या चिऱ्याची भिंत जाड असते आणि पावसाळाभर ओल धरते. वायफायच्या लहरी पाणी शोषून घेतं, त्यामुळे मे महिन्यात माजघरात चालणारा सिग्नल ऑगस्टमध्ये रडतो. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान असला तरी अशा एका भिंतीपलीकडे तो अर्धमेला होतो, दोन भिंतींनंतर बहुतेक संपतो. २.४ गिगाहर्ट्‌झचा हळू असला तरी पार जातो. फोटोंना तेवढा वेग पुरतो. पडवीवर लोखंडी पत्रे असतील तर राउटर आणि बॉक्स यांच्या मधल्या रेषेत ते येऊ देऊ नका.

फायबरवाला राउटर बहुधा तार घरात शिरते त्या खिडकीशीच ठोकून जातो. माजघरात सिग्नल पोचत नाही म्हणून मग दुसरा राउटर आणला जातो, आणि "बॉक्सला लॅपटॉप दिसत नाही" या तक्रारीचं मूळ बरेचदा इथेच सापडतं. पहिल्या राउटरची तार दुसऱ्याच्या 'वॅन' भोकात (बाहेरचं नेट आत येतं त्या) घातली की दुसरा राउटर स्वतःचं वेगळं जाळं तयार करतो. लॅपटॉप एका जाळ्यात, बॉक्स दुसऱ्यात. नेट दोन्हीकडे चालतं, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं.

तपासायची रीत सोपी आहे. बॉक्सवर सेटिंगमध्ये नेटवर्क उघडून चालू कनेक्शनचा आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातला त्या यंत्राचा आकडी पत्ता, बघा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) इंग्रजीत टाइप करा आणि 'आयपीव्ही४' समोरचा पत्ता बघा. दोन्हींचे पहिले तीन गट सारखे हवेत: एकाचा १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१.१२ असेल तर जाळं एकच. एकाचा १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर जाळी दोन आहेत. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरने पत्ताच दिलेला नाही. तार सैल आहे किंवा राउटर बंद-चालू करायला हवा.

दोन जाळी एक करायला दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' निवडा. ती सोय नसेल तर आधी त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्याच्या मालिकेतला पण वेगळा करा, उदाहरणार्थ पहिला १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२. मग त्याचं 'डीएचसीपी', म्हणजे यंत्रांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय, बंद करा आणि तार 'वॅन'मधून काढून 'लॅन' भोकात घाला. क्रम हाच ठेवा. डीएचसीपी आधी बंद केलंत तर फोनला त्याच्याकडून पत्ता मिळत नाही आणि त्याच्या सेटिंगमध्ये परत शिरणं कटकटीचं होतं.

पत्ते जुळतात आणि तरीही काही दिसत नाही, तेव्हा दोन गोष्टी बघा. बॉक्स 'गेस्ट' नावाच्या वायफायवर तर नाही ना? पाहुण्यांचं ते जाळं मुद्दामच इतर यंत्रांपासून तोडलेलं असतं. आणि राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' चालू असेल तर बंद करा.

जमेल तर बॉक्सला तार लावा. कॅट-५ई किंवा कॅट-६ तार १०० मीटरपर्यंत चालते, आपल्या घरात वीस-पंचवीस मीटर पुष्कळ झाली. तांब्याचीच मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते, पण ती वाकवली की तुटते. वळचणीखालून बाहेरून न्यायची असेल तर काळ्या जाड वेष्टणाची बाहेरची तार घ्या, आणि भिंतीच्या भोकात शिरण्याआधी ती वीतभर खाली लोंबती ठेवून मग वर घ्या. पाणी त्या झोळातून ठिबकतं, भिंतीत शिरत नाही. माळ्यावरून नेणार असाल तर पाइपमधून न्या, नाही तर उंदीर पहिल्याच हिवाळ्यात हिशेब करतात. समुद्राकाठच्या घरात लॅनच्या पिनांवर वर्षा-दोन वर्षांत हिरवट थर चढतो आणि तार "कधी लागते, कधी नाही" असं करते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, दोन-चारदा आत-बाहेर. तेवढ्याने नाही भागलं तर टोक कापून नवा कनेक्टर क्रिम्प करून घ्यायचा.

फोटो आधी लहान करा

हा टप्पा लोक टाळतात आणि मग बॉक्सला नावं ठेवतात. फुल एचडी टीव्हीवर १९२० गुणिले १०८० ठिपके असतात, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल. ४के टीव्हीवर ३८४० गुणिले २१६०, सव्वाआठ मेगापिक्सेलच्या आसपास, पण बॉक्सवरची बरीच ॲप फोटो फुल एचडीतच दाखवतात. फोनचा साधा फोटो १२ मेगापिक्सेलचा आणि ३ ते ५ एमबीचा. ५० मेगापिक्सेलवर काढलेला १० एमबीच्याही वर जातो. एवढा फोटो उलगडायला बॉक्सच्या छोट्याशा प्रोसेसरला वेळ लागतो: पडदा दोन-तीन सेकंद काळा, मग फोटो वरून खाली सरकत येतो. काही जुने बॉक्स तर ४०९६ ठिपक्यांपेक्षा लांब बाजूचा फोटो नाकारतातच, कारण डीएलएनएच्या नियमात मोठ्या जेपीजीची (फोटोच्या नेहमीच्या फाइल-प्रकाराची) मर्यादा ४०९६ गुणिले ४०९६ एवढी होती.

शिवाय जागा. आठ जीबीचा बॉक्स म्हटला तरी त्याची स्वतःची प्रणाली आणि ॲप वजा जाता हातात तीन-चार जीबी उरतात. फोटोची लांब बाजू १९२० केली आणि जेपीजीचा दर्जा ('क्वालिटी') ८५ ठेवला तर एक फोटो साधारण अर्ध्या एमबीत बसतो. तीन हजार फोटो दीड जीबीत. मूळ आकारात तेच बारा जीबी झाले असते.

विंडोजवर इरफानव्ह्यू हे फुकट सॉफ्टवेअर यासाठी उत्तम. आधी फोटोंची एक नक्कल वेगळ्या फोल्डरमध्ये करा, मूळ फोटोंना हात लावायचा नाही. मग 'बॅच कन्व्हर्जन' उघडा, फाइली जोडा, 'ॲडव्हान्स्ड'मध्ये लांब बाजू १९२० द्या आणि लहान फोटो मोठे करू नका अशा अर्थाची खूण असेल तिथे टिक करा. जेपीजीच्या पर्यायांत 'प्रोग्रेसिव्ह' बंद ठेवा. जुन्या बॉक्सना प्रोग्रेसिव्ह जेपीजी कळत नाही, ते फोटोच्या जागी तुटलेल्या चौकटीचं चित्र दाखवतात.

आडवे पडलेले फोटो ही दुसरी नेहमीची तक्रार. फोन उभा धरून काढलेला फोटो फाइलमध्ये अनेकदा आडवाच साठवलेला असतो, सोबत "मला नव्वद अंशांत फिरवून दाखव" अशी चिठ्ठी असते. तिला एक्झिफ ओरिएंटेशन म्हणतात. फोन आणि लॅपटॉप चिठ्ठी वाचतात, काही बॉक्स वाचत नाहीत. पालखीच्या फोटोत मग ढोलवाले भिंतीवर चढल्यासारखे दिसतात. इरफानव्ह्यूत एक्झिफप्रमाणे आपोआप फिरवण्याची आणि साठवताना ती खूण मूळपदावर आणण्याची अशा दोन्ही सोयी आहेत. दोन्ही चालू करा. एकच केलीत तर फोटो कुठे दोनदा फिरून, कुठे मुळीच न फिरता, आडवाच राहील.

आयफोनचे फोटो २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, एचईआयसी नावाच्या प्रकारात साठवले जातात. बॉक्सला ते बहुधा कळत नाहीत. आयफोनच्या फोटोजच्या सेटिंगमध्ये कॉम्प्युटरला पाठवताना 'ऑटोमॅटिक' निवडलं की केबलने उतरवताना जेपीजी मिळतात. पुढचे फोटो थेट जेपीजीत हवे असतील तर कॅमेऱ्याच्या फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' करा.

व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंना सरसकट नाकं मुरडू नका. साध्या दर्जात आलेल्या फोटोची लांब बाजूही साधारण सोळाशे ठिपक्यांची असते, ३२ इंची टीव्हीला तो चांगला दिसतो. वाईट असतात ते दहा गटांतून फिरून आलेले आणि स्क्रीनशॉट काढून पाठवलेले. घरच्यांकडून नव्याने मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, फोटो मूळ रूपात येतो. व्हॉट्सॲप फोटोतली आतली तारीख पुसून टाकतं, पण अँड्रॉइड फोनवर फाइलच्या नावात तारीख असते: २०२३०९१९ असे आठ आकडे. म्हणून ते नाव बदलण्याआधी तारीख टिपून घ्या.

लग्नाच्या स्टुडिओने दिलेल्या सीडीत कधी छपाईसाठीचे सीएमवायके रंगांतले जेपीजी असतात. बॉक्सवर शालू भलत्याच रंगाचा दिसला किंवा फोटो उघडलाच नाही, तर कारण हेच. ते आरजीबीत, म्हणजे पडद्यासाठीच्या रंगांत, बदलून घ्या.

जुने छापील फोटो आता नाही तर कधीच नाही या सदरात घाला. कोकणच्या हवेत चिकट पानांचे अल्बम बुरशीचे घर होतात, आणि जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या घराघरांतले अल्बम लगदा होऊन गेले. ४ बाय ६ इंची फोटो ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केला की १८०० गुणिले १२०० ठिपके मिळतात, टीव्हीला पुरेसे. जपून ठेवायचा म्हणून करत असाल तर ६०० ला करा. पानाला घट्ट चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅनरवर ठेवा. स्कॅनर नसेल तर फोनने काढा, पण फ्लॅश बंद ठेवून, सकाळच्या वेळी खिडकीच्या तिरक्या उजेडात, चमक पडणार नाही असा.

नावं ठेवताना वर्ष आधी, मग महिना, मग प्रसंग: २०२२-०३-शिमगा, २०२३-०९-गणपती. महिना कायम दोन आकडी, नाही तर १० हा २ च्या आधी येतो. आकडे इंग्रजी कळफलकावरचे टाका. देवनागरी आणि इंग्रजी आकडे मिसळले की क्रम विस्कटतो. अँड्रॉइड बॉक्सवर मराठी नावं नीट दिसतात, केबलच्या जुन्या बॉक्सवर मात्र चौकोन-चौकोन उमटतात. एका फोल्डरमध्ये दोनशे-तीनशेच्या वर फोटो घालू नका. रिमोटने खाली-खाली जाताना अंगठा दुखतो आणि यादी भरायलाही बॉक्स वेळ घेतो.

लॅपटॉपवरून बॉक्समध्ये

सगळ्यात भरवशाची वाट ही: लॅपटॉपवरचं फोल्डर जाळ्यावर उघडं करायचं आणि बॉक्सवरच्या फाइल मॅनेजरने ते आत ओढायचं.

विंडोजमध्ये पहिली अडचण पासवर्डची येते. लॅपटॉप तुम्ही चार आकडी पिनने उघडता, बॉक्स मात्र खात्याचा खरा पासवर्ड मागतो. पिन तिथे चालत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा पासवर्ड टीव्हीच्या रिमोटने टाइप करण्यापेक्षा लॅपटॉपवर एक वेगळा स्थानिक वापरकर्ता तयार करा. सेटिंग, अकाउंट्स, मग 'अदर यूजर्स', 'ॲड अकाउंट'. ईमेल विचारलं की त्या व्यक्तीची माहिती नाही असं सांगणारा दुवा दाबा, आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट खात्याशिवायचा वापरकर्ता निवडा. नाव इंग्रजी लहान अक्षरांत एका शब्दाचं ठेवा. पासवर्ड रिकामा ठेवू नका, रिकाम्या पासवर्डला विंडोज जाळ्यावरून आत घेत नाही.

आता फोटोंच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, शेअर. यादीतून नवा वापरकर्ता निवडा, परवानगी 'रीड' एवढीच. रिमोट हातात असलेल्या नातवाला लॅपटॉपवरचे फोटो पुसता येऊ नयेत. मग वायफायच्या गुणधर्मांत जाळ्याचा प्रकार 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करा. पब्लिक असताना विंडोजचा फायरवॉल शेअर केलेलं फोल्डर झाकून ठेवतो, आणि बाकी सगळं बरोबर असूनही बॉक्सला काही सापडत नाही.

बॉक्सवर एक्स-प्लोर किंवा तसाच दोन खणांचा फाइल मॅनेजर टाका. 'लॅन'मध्ये सर्व्हर आपोआप शोधायला लावू नका. हा शोध पुष्कळदा एसएमबीच्या (विंडोजच्या फोल्डर शेअर करण्याच्या पद्धतीच्या) पहिल्या आवृत्तीवर चालतो, आणि सुरक्षेच्या कारणास्तव २०१७ पासूनच्या विंडोजमध्ये ती आवृत्ती मुळातच बंद असते. कुठेतरी वाचून ती चालू करायच्या फंदात पडू नका. सर्व्हर हाताने जोडा: लॅपटॉपचा आयपी पत्ता, शेअर केलेल्या फोल्डरचं नाव, वापरकर्ता, पासवर्ड. आवृत्ती विचारली तर दुसरी किंवा तिसरी. कोडी हे फोटो-व्हिडिओ दाखवणारं ॲप वापरत असाल तर तिथेही 'विंडोज नेटवर्क'वर न जाता 'ॲड नेटवर्क लोकेशन' हाच पर्याय घ्या.

डाव्या खणात लॅपटॉपचं फोल्डर, उजव्यात बॉक्सच्या आतल्या साठवणीतलं 'पिक्चर्स'. फोल्डर निवडा, कॉपी. दोन जीबी फोटोंना २.४ च्या वायफायवर दहा-बारा मिनिटं धरा, तारेने तीन-चार. तेवढा वेळ लॅपटॉप झोपू देऊ नका. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा आणि झाकण बंद करू नका. अर्ध्यात थांबलेल्या कॉपीतला शेवटचा फोटो अर्धा उतरलेला असतो, खालचा भाग राखाडी दिसतो. तेवढा पुसून परत टाका.

आज चाललं आणि पुढच्या आठवड्यात सर्व्हर सापडेनासा झाला, तर राउटरने लॅपटॉपला नवा आयपी पत्ता दिलेला असतो. वीज जाऊन आली की हे होतंच. राउटरच्या डीएचसीपीमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' असतं, तिथे लॅपटॉपचा पत्ता कायमचा बांधून टाका.

कॉपी झाली, फाइल मॅनेजरमध्ये फोटो दिसतात, पण गॅलरीत दिसत नाहीत, तर फोल्डरमध्ये 'नोमीडिया' नावाची लपलेली फाइल आली आहे का बघा. व्हॉट्सॲपच्या काही फोल्डरांत ती असते आणि फोल्डर उचललं की सोबत येते. पुसा, बॉक्स बंद करून चालू करा. फोटो मॅकवरून आलेले असतील तर प्रत्येक फोटोचा एक न उघडणारा जुळा भाऊ दिसतो, टिंब आणि खालची रेघ यांनी सुरू होणाऱ्या नावाचा. तेही पुसायचे.

फोनवरून चाळीस-पन्नास फोटो पाठवायचे असतील तर एवढा खटाटोप नको. 'सेंड फाइल्स टू टीव्ही' हे ॲप दोन्हीकडे टाका, बॉक्सवर 'रिसीव्ह', फोनवर 'सेंड', यादीतून बॉक्स निवडा. फोटो बॉक्सच्या 'डाउनलोड' फोल्डरमध्ये जातात. फोन त्या वेळी घरच्या वायफायवर हवा. सिग्नल मंद वाटला की फोन मोबाइल डेटावर उडी मारतो आणि बॉक्स यादीतून गायब होतो, म्हणून डेटा बंद करूनच पाठवा.

बॉक्स ॲप घेत नसेल तर

डीएलएनए ही जुनी पद्धत आहे. तिची संस्था २०१७ मध्ये बंद झाली, पण पद्धत अजून हजारो यंत्रांत आहे. यात फोटो बॉक्समध्ये उतरत नाहीत, लॅपटॉप वाढतो आणि बॉक्स खातो. लॅपटॉप बंद झाला की पंगत उठली. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'मीडिया स्ट्रीमिंग ऑप्शन्स' चालू करा, फोटो 'पिक्चर्स'मध्ये ठेवा, मग बॉक्सच्या मीडिया प्लेअरमध्ये लॅपटॉपचं नाव उगवायला हवं. मिनिट-दोन मिनिटं थांबा.

त्यापेक्षा चांगली युक्ती: राउटरला यूएसबीचं भोक असेल आणि त्याच्या सेटिंगमध्ये 'मीडिया सर्व्हर' किंवा डीएलएनए दिसत असेल, तर फोटोंचा पेनड्राइव्ह राउटरलाच लावा. राउटर तसाही दिवसरात्र चालू असतो, लॅपटॉपची गरज संपली.

पेनड्राइव्ह, वीज आणि आभाळ

आतली जागा कमी पडली तर बॉक्सला पेनड्राइव्ह लावा. 'डिव्हाइस स्टोरेज म्हणून वापरायचं का' असं बॉक्सने विचारलं तर नाही म्हणा. हो म्हटलंत तर तो पेनड्राइव्ह पुसून कुलूपबंद होतो आणि दुसऱ्या कुठल्याही यंत्रात उघडत नाही. पेनड्राइव्ह फॉरमॅट करण्याचा एफएटी३२ प्रकार जवळजवळ सगळीकडे चालतो. त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही, पण फोटोंना त्याची काय अडचण. एनटीएफएस काही बॉक्स वाचत नाहीत. आणखी एक: बऱ्याच अँड्रॉइड टीव्ही बॉक्सवर पेनड्राइव्हवर लिहायची परवानगी देणारी खिडकीच उघडत नाही, आणि कॉपी 'परवानगी नाही' म्हणून थांबते. मग झगडू नका, पेनड्राइव्ह लॅपटॉपवरच भरून आणा. पोर्टेबल हार्डडिस्क शक्यतो नको. यूएसबी २ च्या भोकातून ५०० मिलिअँपिअर मिळतात, फिरायला लागताना डिस्क त्याहून जास्त ओढते आणि बॉक्स सारखा स्वतःच बंद-चालू होतो.

फोटो लावताना कोडीत एका फोटोला मूळचे पाच सेकंद असतात. घरच्या मंडळींना ते कमी पडतात, कारण प्रत्येक फोटोत "ही कोण?" विचारणारं कुणीतरी असतंच. दहा-बारा करा. फोटो हळूहळू सरकवणारा 'पॅन अँड झूम' बंद ठेवा, समूहफोटोत कडेची माणसं बाहेर जातात. तो बंद असूनही कडा कापल्या जात असतील तर दोष टीव्हीच्या चित्रमापाचा आहे: तिथे 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' निवडा. उभा फोटो टीव्हीची निम्म्याहून कमी रुंदी व्यापतो, दोन्ही बाजूंना काळं राहणारच. ताणून भरू नका, आजी उगाच गुटगुटीत दिसते.

इन्व्हर्टर असला तरी वीज जाता-येता त्याच्या बदलाच्या क्षणात बॉक्स पुन्हा सुरू होतो. पेनड्राइव्हवर त्या वेळी लिहिणं चालू असेल तर त्यावरची यादीच बिघडू शकते. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जा, सगळे राउटर १२ व्होल्टचे नसतात. आभाळ गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही. बॉक्सचा प्लग, डिशची तार आणि लॅनची तार तिन्ही काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटरच्या अडॅप्टरमधून येते आणि लॅनच्या तारेने बॉक्सपर्यंत जाते. वीज परत आल्यावर दाब स्थिर व्हायला पाच-दहा मिनिटं द्या.

मूळ फोटो लॅपटॉपवर आणि एका डिस्कवर राहू द्या, ती डिस्क मुंबईच्या घरी असेल तर आणखी चांगलं. बॉक्स बहुतेक वेळा कंपनीच्या मालकीचा असतो. बिघडला तर माणूस येतो, बदलून देतो आणि जुना घेऊन जातो, आतल्या फोटोंसकट. म्हणून बॉक्स परत देण्याआधी पेनड्राइव्ह काढा, आणि सेटिंगमधून 'फॅक्टरी रीसेट' करा. बॉक्स सुरूच होत नसेल तर रीसेट करता येणार नाही. ज्या घरात ही भीती वाटते तिथे फोटो सुरुवातीपासून पेनड्राइव्हवरच ठेवावेत.